पाच वेळा दुसरा

"इस्त्रीचा शर्ट घाल म्हणून कालपासून सांगत होते ना तुला?" जिन्यातच ताईने भावाला धरलं. "आज फोटो निघणारेत."

"हाच बरा आहे गं," भाऊ म्हणाला.

सायकल संघाच्या कचेरीची लिफ्ट बंद होती. ताईचं वय बासष्ट, गुडघे कधीचे संपावर गेलेले. पण आज बाई तीन मजले अशा चढल्या, की शर्यत त्यांचीच होती असं वाटावं. एका अर्थी होतीच म्हणा.

एकवीस दिवसांची, एकवीस टप्प्यांची ती मोठी सायकल शर्यत भाऊ लागोपाठ पाच वर्षं पळला आणि पाचही वेळा दुसरा आला. एकदा नऊ सेकंदांनी, एकदा तर फक्त चार सेकंदांनी. पहिला दर वेळी एकच माणूस. हा गडी औषधं घेऊन सायकल हाणतो, हे ताई पहिल्या वर्षापासून छातीठोकपणे सांगत आली होती. तेव्हा लोक हसले. हरणाऱ्याची बहीण दुसरं काय बोलणार, असं म्हणाले.

पण ताई म्हणजे कोर्टात तीस वर्षं टायपिंग केलेली बाई. अर्ज कसा लिहायचा हे तिला कुणी शिकवायला नको. सतरा वर्षांत तिने संघाला चौऱ्याऐंशी अर्ज धाडले. "बाई, तुमचं पाकीट दिसलं की आमच्या पोटात गोळा येतो," असं तिथला कारकून एकदा फोनवर म्हणाला. ते ताईने आठवडाभर सगळ्यांना कौतुकाने सांगितलं.

शेवटी संघाने नवीन यंत्र आणलं आणि फ्रीजरमध्ये जपून ठेवलेल्या पहिल्याच्या लघवीच्या जुन्या बाटल्या पुन्हा तपासल्या. पाचही वर्षांच्या बाटल्यांत औषध निघालं. त्या काळच्या यंत्रांना ते दिसतच नव्हतं. पाचही विजेतेपदं काढून घेतली गेली, आणि आज ती दुसऱ्या आलेल्या भावाला मिळणार होती.

भाऊ मात्र ढिम्म. "जाऊ दे गं ताई, झालं ते झालं," हेच त्याचं पालुपद. आताही तो एक एक पायरी मोजत असल्यासारखा मागून येत होता. सायकल दुरुस्तीचं छोटंसं दुकान आणि आपण, बस. पण गावात मान असा, की शाळावाले मुलांना प्रामाणिकपणावर चार शब्द सांगायला दर वर्षी त्यालाच बोलवायचे. तो दर वर्षी काहीतरी कारण काढून टाळायचा. पुढ्यातलं ताट कुणी उचलून नेलं तरी हा हूं की चूं करायचा नाही, असं ताई म्हणायची. बिचाऱ्याला पाच वर्षांत एकही टप्पा जिंकता आला नाही. आघाडीवरच्याची लाल जर्सी एक दिवसही अंगावर चढली नाही. नेमका शेवटी दम तुटायचा. औषधाविना पळणाऱ्याचा दम तेवढाच पुरणार, नाही का?

आत लांबलचक टेबलामागे संघाच्या अध्यक्षबाई बसल्या होत्या. समोर सहीचे कागद होते. आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर, मांडीवर कापडी पिशवी घेऊन, पहिला बसला होता. टक्कल पडलेलं, पोट सुटलेलं. जर्सी त्याने स्वतःच्या हाताने परत करायच्या, असा नियम होता.

तो उठला. घड्या घातलेल्या पाच लाल जर्सी त्याने टेबलावर ठेवल्या.

"सतरा वर्षं!" ताईने तोंड उघडलं. "सतरा वर्षं माझ्या भावाच्या हक्काचं मिरवत होतास. आरशात तोंड बघवत होतं रे तुला?"

"चुकलं, ताई."

"चुकलं? धक्का लागला तर चुकलं म्हणतात! तू पाच वर्षं ठरवून, मोजून मापून फसवलंस. कसली ही माणसं! मुलंबाळं आहेत ना तुला? काय सांगितलंस घरी?"

पहिला पुन्हा कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसला.

"बाई, जरा बसून घ्या," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"बसते हो. सतरा वर्षं उभीच आहे मी."

पहिल्याने डोळे पुसले आणि तो भावाकडे वळला. "ताकद तुझ्याच पायात जास्त होती. सोबत पळणाऱ्याला कळतं ते. तूच जिंकायला हवं होतंस."

"ऐकलंस?" ताईच्या डोळ्यांना धार लागली. केवढा आनंद झाला होता तिला! "चोराच्या तोंडून आलं बघ! कर, सही कर आधी. पाच ठिकाणी करायची आहे."

भावाने पेन उचललं. कागदाकडे पाहिलं. मग कोपऱ्यातल्या त्या माणसाकडे पाहिलं.

"ताई, त्याला नको बोलूस."

"का नको? तू भोळा आहेस म्हणूनच तर मला बोलावं लागतं! असल्या फसव्या माणसाची दया येते तुला?"

भावाने पेन टेबलावर ठेवलं आणि पाचही जर्सी अध्यक्षबाईंच्या दिशेने सरकवल्या.

"पाचही वर्षं जिंकता जिंकता मीच ब्रेक दाबला, ताई," तो म्हणाला. "तेव्हा तपासणी फक्त जिंकणाऱ्याचीच व्हायची."