लाल डोळे

सोनूबाईने चष्मा कपाळावर ढकलला आणि डोळे मिटायला गेली, तर पापण्या बुबुळांवर कराकरा घासल्या.

"मेले माजे डोले! सुकून सुकट झाली गो त्यांची," ती कळवळून म्हणाली.

परळच्या प्लेगच्या इस्पितळामागे, नळापाशी, दोन आया घटकाभर टेकल्या होत्या. चार वाजले होते. पाचला डॉक्टर नोकरमाणसांची तपासणी करायचे. ज्याचा डोळा लाल, त्याची रवानगी दहा दिवस संशयितांच्या झोपडीत. प्लेग आधी डोळ्यांत दिसतो, हे त्यांनीच सगळ्यांना पढवलं होतं. आणि सोनूबाईची इस्पितळातली मुक्कामाची पाळी नेमकी उद्या सकाळी संपत होती. प्रभादेवीला घरी तिची लेक अंबिका दिवस भरून बसलेली. पहिलटकरीण, आणि घरात दुसरं बाईमाणूस नाही. 'आये, तू आल्याबिगर मी बालंत व्हायची नाय,' असा निरोप लेकीने धाडला होता. ती काय, म्हणेल! पोटातलं पोर थोडंच कुणाचं ऐकतंय!

आता हे डोळे लाल कशाने झाले, ते आयांना विचारा. डॉक्टर हेमचंद्रांनी महिन्यापूर्वी इथे आल्या आल्या हुकूम काढला होता, की रोग्यापाशी जाताना तोंडावर चौपदरी फडकं आणि डोळ्यांवर कडेने चामडं लावलेला काचेचा चष्मा हवाच. फडक्याला आयांनी मुसकं म्हटलं आणि चष्म्याला झापड. बैलाचं एक, घोड्याचं एक, दोन्ही आपल्याच नशिबी, म्हणून हसल्यादेखील. पण मुसक्यात सोडलेला श्वास नाकावरून वर चढतो आणि सरळ झापडात शिरतो. दिवसभर डोळे शेकून निघतात. वर फिनेलचा वास. हे डॉक्टरांना सांगणार कोण? सांगायला जायचं लाल डोळे घेऊन, आणि बसायचं झोपडीत!

दुसरी आया, शेवंती, भिंतीकडे तोंड करून बसली होती. घोडपदेवच्या गिरणीकामगाराची बायको ती. पाच महिन्यांचं लेकरू जावेच्या ओटीत घालून आलेली. दूध आटू नये म्हणून रोज दोनदा बाळाला पाजायच्या बोंडल्यात पिळायची आणि जास्वंदीच्या बुंध्याशी ओतायची. अंगावरचं दूध पायदळी जाऊ नये, म्हणतात.

"आज झाडाला नको घालू," सोनूबाई म्हणाली. "माज्या डोल्यांत घाल."

शेवंती दचकली. "असले गावठी उपाय केले तर कामावरून काढीन, म्हणालेत ना डॉक्टर?"

"काढू दे. आधी मना लेकीकडं तर पोचू दे."

"माझ्या बाळाचं आहे गो ते," शेवंती पुटपुटली. मग तिची तिलाच लाज वाटली. झाडाला चालतं आणि माणसाला नाही, हे काय बोलणं झालं? तिने सोनूबाईचं डोकं मांडीवर घेतलं आणि बोंडल्याच्या चोचीतून एकेक थेंब सोडला.

सोनूबाईला इतकं बरं वाटलं की ती तिथेच झोपली असती.

पण लाली का तासाभरात जाते? पाचला डॉक्टर आले, मुसकं आणि झापड बांधून, हातात वही घेऊन. त्यांनी सोनूबाईची नाडी पाहिली, कपाळाला हात लावला. ताप नव्हता. गाठही नव्हती.

"चष्मा काढा." ते वाकले. "लाल आहेत. आणि गालावर हे पांढरं काय सुकलंय?"

सोनूबाईने घाईने गाल पुसला. खोटं बोलावं तर सुचेना.

"दूध हाय, शेवंतीच्या अंगावरचं. डॉक्टर, मना ताप नाय. मुसक्यातली वाफ वर चढते, तिनं डोले सुकलेत. माजी लेक दिवस भरून बसलीय वो, ती धा दिवस नाय थांबायची!" आणि मग तिचा तोल गेला. "तुमीपण हेच बांधताव ना? तुमचे डोले दाखवा की!"

शेवंतीने जीभ चावली. डॉक्टरांशी असं कुणी बोलतं?

डॉक्टरांनी वही काखेत धरली. मग त्यांनी डोक्यामागच्या नाड्या सोडल्या. महिनाभरात इथे त्यांचा चेहरा कुणी पाहिला नव्हता. अगदीच तरणा होता हो माणूस. नाकावर चष्म्याचा काळा वळ, आणि डोळे पिकल्या तोंडल्यासारखे लाल.

"पंधरा दिवस झाले," ते हळूच म्हणाले. "वाचतासुद्धा येत नाही. पण दाखवू कुणाला? नियम माझाच."

दोघींना त्यांची दया आली.

"बसा," शेवंती म्हणाली. "थोडं उरलंय."

डॉक्टर तपासणीच्या स्टुलावर बसले आणि त्यांनी मान मागे टाकली. पहिला थेंब पडला तसं त्यांचं तोंड आपोआप उघडलं.

"तोंड मिटा," शेवंती बोलून गेली. "डोळ्यांत घालतेय."

सोनूबाईला हसू फुटलं, पण जीव टांगणीला लागलेलाच होता. "माजं काय मग, डॉक्टर? वहीत काय लिवताव?"

डॉक्टरांचे दोन्ही डोळे दुधाने भरले होते. वही त्यांनी मिटूनच मांडीवर ठेवली.

"आत्ता मला काही दिसत नाही, सोनूबाई," ते म्हणाले. "मी डोळे उघडायच्या आत निघा."