बंद न पडणारी मशीन

झाडंझुडपं उपटून रान मोकळं करायला लोक माझ्याकडून छोटे लोडर भाड्याने नेतात. आज मखमलाबादच्या नवसाबाईंनी सकाळपासून माझं डोकं खाल्लं होतं. मुलाला मळ्याचे प्लॉट पाडायचे होते. भरवशाची मशीन ठरवायला त्याने आईला पाठवलं होतं आणि सारखा फोन करत होता, "ठरली का?"

बाई एका जागी बसेनात. चहा तसाच निवून गेला.

"ही कामात बंद पडती का रे भाऊ?"

"नाही मावशी, नवी कोरी आहे."

त्या पुढे सरकल्या. "आन् ही?"

"दिवसभर चालवा, तक्रार नाही."

तोंड वाकडं करून आणखी पुढे. माझा पारा चढायला लागला. शेवटी त्या कोपऱ्यातल्या जुनाट मशीनपाशी थांबल्या.

"ती सोडा मावशी! तासाभरात बसते, मग पार्ट मिळेपर्यंत आठ-आठ दिवस जागची हलत नाही."

बाई सकाळपासून पहिल्यांदा खुर्चीत टेकल्या. गार चहा एका घोटात संपवला.



"मग उद्या हीच पाठव. माझी शेवंती अजून कळीत हाय."