सहाशे बारा लाल कड्या

"शिडी नीट धर. मी पडलो तर मोजायला पाखरं राहतील, नवरा राहणार नाही," तोंडातला खिळा हातात घेत सुतार बायकोला म्हणाला.

"एकच तर नवरा, त्याला कशाला मोजायचं?" पोस्टवालीने खालून सांगितलं.

त्याने वळचणीखाली फळी ठोकली. बंद गावातली ही अठ्ठावन्नावी फळी. पाकोळ्यांना मातीचं घरटं बांधायला आधार लागतो आणि ओस घरांच्या वळचणी ढासळत चालल्या होत्या.

अणुभट्टीच्या अपघातानंतर गाव रिकामं करून अकरा वर्षं झाली होती. किरणोत्सर्ग आता इतका कमी उरला होता की त्याने माणसाला काय होईल, हे तज्ज्ञांनाही छातीठोकपणे सांगता येईना. तेव्हा त्यांनी पाखरांना विचारायचं ठरवलं. लागोपाठ तीन वर्षं पलीकडच्या स्वच्छ गावाइतकी घरटी झाली आणि तितकीच पिल्लं उडाली, तर गावाचं फाटक उघडायचं. नाही तर कायमचं कुलूप.

मोजणीचं काम पोस्टवालीने हट्टाने मागून घेतलं. घर अन् घर तिला पाठ होतं. शिवाय शहरातल्या दोन खोल्यांत राहणाऱ्या लेकीने स्पष्टच सांगितलं होतं, "मूल होऊ देईन ते आपल्या घरात. या खुराड्यात नाही." आजी व्हायचं तर फाटक उघडायलाच हवं होतं.

मोजणीचे साहेब आले आणि आठवडाभर शिकवून गेले. पहाटे जाळं लावायचं, पाखरू हलक्या मुठीत धरायचं, पायात कडी घालायची. बिनकडीचं मोठं पाखरू सापडलं तर निळी, इथे जन्मलेल्या पिल्लाला लाल. फॉर्मवर मात्र दोनच रकाने होते: घरटी किती, उडालेली पिल्लं किती. पोस्टवालीला हे बरं वाटलं. पाकिटावर लिहिलंय ते पोचवायचं, आत डोकवायचं नाही, अशी तिची बत्तीस वर्षांची सवय.

पहिल्या वर्षी पलीकडे एकतीस घरटी झाली, इथे तेहेतीस. पिल्लंही दोन जास्तच.

"आपल्या गावची पाखरं आहेत," सुतार म्हणाला. "ऐकायची नाहीत कुणाचं."

दुसऱ्या वर्षी ऐन हंगामात पलीकडच्या गावातून फोन आला. तिथली मोजणी निवृत्त मास्तर करायचे.

"बाई, माझ्या निळ्या कड्या डब्यात तशाच पडून आहेत. तुम्हाला हव्यात का?"

"पाठवून द्या. माझ्या संपल्या."

"संपल्या? यंदाही?"

"अहो, इतकी पाखरं येतायत की काही विचारू नका."

"नशीबवान आहात," मास्तर म्हणाले.

पोस्टवालीने हे सुताराला दोनदा सांगितलं. दुसऱ्या वेळी मास्तरांच्या आवाजात थोडा हेवाही होता.

तिसऱ्या वर्षी घरटी बरोबरीची झाली, पण पिल्लांवर घोडं अडलं. पलीकडे दोनशे सात उडाली होती, इथे दोनशे सहा. उरलं होतं एकच, पोस्टाच्या वळचणीतलं. भावंडं केव्हाच निघून गेली आणि हे आपलं फळीच्या काठावर फुगून बसलेलं. एक दिवस गेला, दोन गेले, तीन गेले. मोजणीची मुदत संपायला एक दिवस उरला तेव्हा सुतारही मांजरं हाकलायला काठी घेऊन येऊन बसला.

"माझ्यावर गेलंय," तो म्हणाला. "सासुरवाडीहून मीही असाच हलत नसे."

पोस्टवाली हसली आणि तेवढ्यात पिल्लाने स्वतःला खाली सोडून दिलं. जमिनीपासून हातभर अंतरावर त्याचे पंख उघडले. ते रस्त्यावरून गेलं, विहिरीवरून वळलं आणि आभाळात घुसलं. सुतार लहान मुलासारखा रडला. पोस्टवालीने आभाळाकडे बघतच फॉर्मवर दोनशे सात लिहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच अक्षर वाकडं आलं तरी तिला त्याचं काही वाटलं नाही.

थंडी संपता संपता निकाल आला, आणि पाकोळ्या परतल्या त्याच आठवड्यात फाटक उघडलं. चारशे माणसं जमली होती. साहेबांनी कुलपाची किल्ली पोस्टवालीच्या हातात दिली.

"पाकोळी जिथे जन्मते तिथेच पुढच्या वर्षी परत येते," साहेब भाषणात म्हणाले. "ती आपलं गाव विसरत नाही. तुम्हीही विसरला नाहीत."

टाळ्या थांबेचनात. कुणीतरी सुताराला खांद्यावर घेतलं आणि त्याच्या वजनाला कंटाळून लगेच खाली ठेवलं. पोस्टवाली घराघरांपुढून चालत गेली. चौदा वर्षांनी प्रत्येक दारात माणूस उभं होतं. एवढं सुख तिला झेपेना.

संध्याकाळी स्वतःच्या ओट्यावर बसून तिने निळ्या कड्यांचा नवा डबा फोडला. उद्यापासून पुन्हा जाळं लावायचं होतं, आता केवळ हौसेने. आत सुतार पाळण्याच्या लाकडाला रंधा मारत होता. दोनशे सातचा आकडा ऐकल्यावर निकालासाठीही न थांबलेली लेक सातव्या महिन्याचं पोट सावरत अंगणात खुर्चीवर बसली होती आणि आईची दुर्बीण डोळ्यांना लावून तारेवरच्या पाकोळ्यांचे पाय बघत होती. काही पायांत निळी कडी होती, बाकीचे मोकळे.

"आई, लाल कड्या एकूण किती घातल्यास?"

"सहाशे बारा," पोस्टवाली अभिमानाने म्हणाली. "एक अन् एक माझ्या हाताने."

लेकीने दुर्बीण तारेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली. मग साऱ्या वळचणींवरून, मग पुन्हा तारेवरून. शेवटी ती मांडीवर ठेवली आणि दोन्ही हात पोटावर घेतले.

"मग त्यांतलं एकही परत कसं आलं नाही?"