कोमट पिंप

उस्तादांनी चष्मा काढला, दुमडून शर्टाच्या खिशात ठेवला आणि कोमट पिंपात डोकं घातलं.

भोवतालची बडबड थांबली. गोदामामागच्या पटांगणात धुरावर मांस शिजवायच्या घरगुती भट्ट्या ओळीने मांडल्या होत्या. वेल्डरची जुना बॉयलर आडवा कापून केलेली, रंगाऱ्याची बिघडलेल्या फ्रिजची, आणि ही शेवटची, पोस्टमनची, भंगारातल्या पिंपाची. पोस्टमन मंडळींत नवा होता. नव्या भट्टीत आधी रिकामाच जाळ करायचा, मग उस्तादांनी आतला वास घ्यायचा. ते ‘चालेल’ म्हणेपर्यंत मांस ठेवायचं नाही, असा इथला रिवाज होता. पिंप कितीही घासा, त्याच्या पोटात पूर्वी काय होतं ते ऊब लागली की ते ओकतंच, हे त्यांचंच वाक्य.

उस्तादांनी श्वास ओढला. गालांना ऊब लागली, पापण्यांना लागली. आणखी काही नाही. त्यांनी पुन्हा ओढला. पाण्याचा घोट घ्यावा आणि ते ओलंच नसावं, तसं झालं.

गेल्या हिवाळ्यातल्या तापाने त्यांची वास घ्यायची शक्तीच नेली होती. हे बायकोखेरीज कोणालाच ठाऊक नव्हतं. अशा वेळी ती घाम पुसायचं फडकं घेऊन यायची आणि देता देता स्वतःही पिंपाशी वाकायची. ती खोकली तर नाही. नुसतंच फडकं दिलं तर हो. आज ती पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला त्यांच्या स्वतःच्या भट्टीचा जाळ सांभाळत होती. पाठमोरी. त्यांच्या धुराड्यातून निळसर, असून नसल्यासारखा धूर निघत होता. तो तसाच हवा; पांढरा आणि दाट झाला की मांस कडू झालंच म्हणून समजावं.

“उस्ताद, डोळा लागला की काय आत?” वेल्डर ओरडला.

उस्तादांनी डोकं बाहेर काढलं. “घाम आलाय. हिला फडकं घेऊन येऊ दे जरा.”

“घाम पुसायला बायको कशाला? हे घ्या!” वेल्डरने खांद्यावरचं कळकट फडकं त्यांच्या हातात कोंबलं. “पुसा, आणि बोला काय ते. का पिंपालाही आता वहिनींची परवानगी लागते?”

सगळे हसले. पोस्टमन मात्र हात मागे बांधून, निकाल ऐकायला उभा असल्यासारखा उभा होता. शेजारी घडीच्या खुर्चीत त्याची आई बसली होती, मांडीवर मसाला लावलेल्या मांसाचं ताट घेऊन.

“तेलाचं होतं म्हणाला भंगारवाला,” पोस्टमन म्हणाला. “राखेने घासलंय, उस्ताद. हाताची सालं निघाली.”

उस्तादांनी चष्मा चढवून पुन्हा आत पाहिलं. पत्रा लखलखीत होता. डोळ्यांना कळण्यासारखं सगळं स्वच्छ होतं.

“चालेल,” ते म्हणाले.

टाळ्या पडल्या. मांस आत गेलं, झाकण बसलं. पोस्टमनने उस्तादांच्या पायांना हात लावला, तेव्हा त्यांनी पाय मागे घेतले.

थोड्या वेळाने झाकणाच्या फटींतून धूर पाझरू लागला. रंगाऱ्याने नाक चोळलं. वेल्डर उगाच दोन पावलं बाजूला झाला.

“उग्रच येतोय रे जरा,” म्हातारी म्हणाली.

“नवी भट्टी आहे, आई. उस्तादांनी बघितलंय ना.”

“मग काही नाही,” म्हातारी म्हणाली आणि तिने खुर्ची आणखी जवळ ओढून घेतली.

वारा फिरला. पलीकडच्या टोकाला उस्तादांच्या बायकोने मान वर केली. तिच्या हातातला चिमटा खाली पडला. मग ती धावत निघाली. इतक्या वर्षांच्या संसारात उस्तादांनी तिला धावताना पाहिलं नव्हतं.

“खाऊ नका कोणी! काढा ते बाहेर! अहो, फवारणीचं औषध आहे ते!”

वेल्डरने तोंडावर बाही धरून झाकण उचललं आणि लगेच आदळलं. “औषधच आहे. मला मघापासून येत होता वास. म्हटलं, उस्तादांना नाही आला, म्हणजे...”

तो थांबला. त्याने उस्तादांकडे पाहिलं, मग वहिनींकडे, मग आपल्या फडक्याकडे. एखादा टोमणा त्याने मारला असता, तर उस्तादांना बरं वाटलं असतं.

पोस्टमनने मांस राखेच्या खड्ड्यात ओतलं. “चूक माझीच, उस्ताद,” तो खालमानेने म्हणाला. “नीट चौकशी करायला हवी होती.” त्याची आई रिकामं ताट पदराने पुसत राहिली.

नवराबायको पटांगण ओलांडून आपल्या भट्टीकडे आले. वाटेत कोणी त्यांना हाक मारली नाही.

“मला बोलवायचं होतंत,” ती म्हणाली.

“तू लांब होतीस.”

“हाक मारता येत नव्हती?”

उस्तादांनी भट्टीच्या झाकणाकडे बोट केलं. मग म्हणाले, “आपलं कसं झालंय, बघ.”

तिने झाकण किंचित उचललं, वाकली, बराच वेळ तशीच राहिली. सरळ झाली तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“छान झालंय,” ती म्हणाली. “अगदी तुमच्या हातचं.”

तिच्या डोक्यावर धुराड्यातून पांढरा, दाट धूर लोटत होता. उस्तादांनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्यांनी चष्मा काढला, दुमडला आणि खिशात ठेवला.

“वाढ मग,” ते म्हणाले.