न धुतलेलं फडकं

“ज्वालामुखीच्या वाफेवर मोदक उकडणारा मी जगातला पहिला मराठी माणूस आहे!” प्रल्हादकाकांनी जाहीर केलं.

“आधी प्रोजेक्टरची वायर लावा,” रत्नाकाकू म्हणाल्या.

अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरला काकांच्या बेसमेंटमध्ये गणपतीला जमलेली मंडळी हसली. वायर लागली. भिंतीवर जपानचं ते ज्वालामुखीचं बेट उमटलं. चहूकडे समुद्र, मधोमध हिरवंगार विवर. तिथे जमिनीतून वाफ येते आणि गावकरी तिच्यावर रताळी, अंडी उकडतात, हे काकांनी रंगवून सांगितलं. फोटो छान होते. इंटरनेटवर छानच मिळतात.

काका बेटावर पोचलेच नव्हते. अलीकडच्या बंदरात रोज सकाळी बॅग घेऊन उभे राहायचे आणि रोज लाटांमुळे बोट कॅन्सल व्हायची. शेवटी परतीचं विमान गाठलं. पण घरून निघण्याआधीच त्यांनी अख्ख्या मंडळाला मोदकांच्या बेताची ईमेल केली होती. एवढी ईमेल केल्यावर माणसानं परत यायचं कोणत्या तोंडानं?

तेही खपलं असतं. पण पहिल्या रांगेत शेजारच्या मिसेस हामादा बसल्या होत्या. त्या बेटावरच जन्मलेल्या. लहानपणी बेट सुटलं ते सुटलंच. काका निघाले तेव्हा त्यांनी आपल्या आईचं एक सुती फडकं हातात दिलं होतं. “यात काहीही उकडा. फक्त न धुता परत आणा. आमच्या वाफेला वास असतो.”

आज सकाळी काकांनी त्या फडक्यात मोदक उकडले होते. वरच्या किचनमध्ये. रत्नाकाकूंनी मोदकपात्र काढून दिलं आणि त्यांच्याकडे नुसतं बघितलं.

शेवटची स्लाइड संपली. काकांनी वाकून, दोन्ही हातांनी फडकं परत दिलं. मिसेस हामादांनी डोळे मिटून ते नाकाशी धरलं. बराच वेळ धरून ठेवलं.

“काय मोमेंट आहे, यार!” मागून मंडळातला सुशांत म्हणाला. टाळ्या पडल्या. आयुष्यभर टाळ्यांसाठी धडपडलेल्या काकांना पहिल्यांदाच वाटलं, या आता थांबल्या तर बरं.

त्या गोंगाटात मिसेस हामादांनी त्यांना खुणेनं जवळ बोलावलं.

“बोट मिळाली नाही ना?” त्यांनी हळूच इंग्रजीत विचारलं.

काकांनी मान खाली घातली.

“मीही दोनदा त्याच बंदरातून परत आलेय.” त्यांनी फडक्याची नीट घडी केली आणि काकांच्या हातात ठेवली. “पुढच्या वेळी न्या.”

काकांना वाफेसारखं विरून जावंसं वाटलं. “मिसेस हामादा,” ते कसेबसे म्हणाले, “मी आता काय करू, तुम्हीच सांगा.”

“एक मोदक द्या. मघापासून नुसता वासच घेतेय.”