मोजणीपुरतं रक्त

अलिबागच्या यहुदी दफनभूमीच्या फाटकावर तपासनिसाने हाईम वाकरूळकरचं बोट टोचलं, यंत्राकडे पाहिलं आणि मान हलवली. "रक्तातलं प्रथिन जुळत नाही. नव्या कायद्याने तुम्ही यहुदी नाही."

"अहो, आत माझा बाप पडलाय! त्याची प्रार्थना लेकानंच म्हणायची असते."

त्या प्रार्थनेला दहा यहुदी पुरुष लागतात. आत नऊच होते. तपासनिसाने खांदा द्यायला आलेल्या शेजारच्या रामदास कोळ्याचं बोट टोचलं. यंत्र हिरवं झालं.

"या. दहावे तुम्ही."

"साहेब, मी कोळी. मला प्रार्थना येत नाय."

"नसू दे. मोजणीला रक्त पुरे."

रामदासने हाईमकडे पाहिलं. "जा रे," हाईम म्हणाला, "बाबा खोळंबायला नको."

आतल्या नऊ जणांनी हाईमच्या घरचा मलिदा वर्षानुवर्षं हाणला होता. आता एकजात सगळे बुटांकडे बघत होते. तोंड उघडलं तर आपलीही फेरतपासणी व्हायची! हाईमने फाटकाचे गज धरले आणि अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल अशी प्रार्थना बाहेरूनच म्हटली. सर्वांनी 'आमेन' म्हणायचं तिथे तो थांबला.

आतून एकच आवाज आला, रामदासचा.