एकच मच्छरदाणी

वामनरावांना डेंगू झाला. नर्सबाई सांगून गेल्या, "ताप आहे तोवर दिवसाही मच्छरदाणीतच राहा." घरात मच्छरदाणी एकच होती. "मले तं झालाच आहे, आता तू जप," म्हणत त्यांनी ती बायकोला, बयनाबाईला दिली. रात्री ती आत निजायची, दिवसभर त्यांच्या उशाशी बसायची.

वामनराव बरे झाले. तिसऱ्या आठवड्यात बयनाबाईला तोच ताप आला. आदिलाबादला नेलं, पण ती परत आलीच नाही.

नर्सबाई हळहळल्या, "काका, मच्छरदाणी तुमच्यासाठी सांगितली होती. तापाच्या माणसाला चावलेला डासच पुढे दुसऱ्याला ताप देतो."

तेरवीला लेक अश्विनी त्यांच्या गळ्यात पडून रडली. "बाबा, तुमी तिले एवढं जपलं. मंग आईले ताप आला तरी कुठून?"

 

"माह्यापासून, पोरी."